कँपमध्ये दोनशे बायका तपासल्या, मग पुढे?

माझ्या मावशीच्या रिपोर्टवर शून्य लिहिलेलं होतं आणि आम्ही सगळे खूश झालो. गोव्यात डिचोलीला तिच्या घराजवळ कँप लागलेला, मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरसाठी एक्स-रे काढायची गाडी आलेली, मावशी शेजारणींबरोबर गेली, मशीनमध्ये दाबून घेतलं, दुखलं म्हणाली पण झालं एकदाचं. आठवड्याने रिपोर्ट आला, सगळा इंग्रजीत. मावसभावाने शेवटची ओळ वाचली, बायरॅड्स कॅटेगरी ०. मावशी म्हणाली, शून्य म्हणल्यार कायच ना न्ही, बरें जालें. रिपोर्ट साडीच्या दुकानाच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर कपाटात गेला आणि आठ महिने तिथेच राहिला.

आता हे शून्य काय असतं बघा. मॅमोग्रामचा रिपोर्ट लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, बायरॅड्स म्हणतात, अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने १९९३ च्या सुमारास आणली आणि आता जगभर वापरतात. त्यात १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे काहीतरी दिसतंय पण साधं आहे, ३ म्हणजे बहुतेक साधंच, कॅन्सर असायची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी परत दाखवा. ४ म्हणजे संशय आहे, बायोप्सी करा, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासा. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त शक्यता. ६ म्हणजे बायोप्सीत आधीच सिद्ध झालेलं. आणि शून्य? शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे, एवढ्या फोटोंवरून सांगता येत नाही, परत या, अजून फोटो किंवा सोनोग्राफी करूया. म्हणजे ज्या आकड्याला आम्ही सगळ्यात चांगला समजलो तोच एक आकडा असा की ज्यात उत्तरच दिलेलं नसतं. ज्याने कोणी ही पद्धत बसवली त्याने घरी रिपोर्ट वाचणाऱ्या माणसाचा विचार केला नव्हता हे नक्की, अर्थात तो रिपोर्ट डॉक्टरने डॉक्टरसाठी लिहिलेला असतो, आपण मध्येच वाचतो.

आठ महिन्यांनी वहिनी पासपोर्टचे कागद शोधत होती, तिला तो सापडला, तिने गुगल केलं आणि तिचे हातपाय गार पडले. पुढे सोनोग्राफी झाली आणि ती साधी पाण्याची गाठ निघाली. मावशी ठणठणीत आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत धाकधूक घेऊन वाचाल.

पण मी अकाउंट्समध्ये काम करते आणि माझ्या डोक्यात वेगळाच किडा शिरला. त्या आठ महिन्यांत त्या कँपच्या हिशेबात माझी मावशी काय होती? तर "तपासलेल्या बायका" या आकड्यातली एक. पेपरात फोटो आलेला, गुलाबी रिबिनी, दोनशे महिलांची तपासणी. दुकानदाराने नुसती विक्री लिहिली आणि उधारी वसूल झाली की नाही ते कुठेच लिहिलं नाही तर आपण त्याला वेड्यात काढू, इथे मात्र विक्रीच्या आकड्यावर हार घालतात. स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे अशा सरसकट तपासणीत, बाई तपासली ही फक्त पहिली ओळ आहे. खरा हिशेब त्याच्या खाली सुरू होतो, किती जणींना परत बोलावलं, त्यातल्या किती खरंच आल्या, किती जणींची बायोप्सी झाली, किती जणींना कॅन्सर निघाला, कुठल्या स्टेजला, उपचार किती दिवसांत सुरू झाले, पूर्ण झाले का, आणि पाच दहा वर्षांनी त्या बाईचं काय.

या आकड्यांना नावं आहेत आणि ती समजली की बरंच कळायला लागतं. परत बोलावण्याचं प्रमाण म्हणजे रिकॉल रेट. अमेरिकेत २००७ ते २०१३ मधल्या १६ लाखांवर स्क्रीनिंग मॅमोग्रामचा हिशेब २०१७ साली छापून आला, त्यात दर १००० मागे साधारण ११६ जणींना परत बोलावलं होतं आणि १००० मागे ५ जणींना कॅन्सर निघाला. म्हणजे बोलावलेल्या ११६ पैकी शंभरावर बायकांना काहीही नव्हतं! हे वाचलं आणि वाटलं, हे मावशीच्या पिढीतल्या प्रत्येक बाईला आधीच सांगायला हवं, कारण आपल्याकडे "परत या" म्हटलं की घरात थेट रडारड, किंवा त्याच्या उलट, भीतीने जायचंच नाही. (आपल्याकडे हा रोग अमेरिकेपेक्षा कमी प्रमाणात होतो, त्यामुळे १००० मागे सापडणाऱ्याही कमीच असणार, ते आकडे जसेच्या तसे गोव्याला चिकटवू नका.)

रिकॉल रेट फार जास्त असला तर बायकांना उगाच घाबरवणं आणि उगाच बायोप्स्या. पण फार कमी असला तरी खूश होऊ नये, कारण कोणालाच परत बोलावलं नाही तर आकडा सुंदर दिसतो आणि कॅन्सर घरी जातो. म्हणून तिकडे साधारण ५ ते १२ टक्के हा पट्टा ठीक मानतात आणि त्याच्याबरोबर कॅन्सर किती सापडले ते बघतात. एकटा आकडा काहीच सांगत नाही.

आणि सगळ्यात अवघड आकडा म्हणजे चुकलेले किती. ज्यांना नॉर्मल सांगून घरी पाठवलं त्यांच्यातल्या कुणाला पुढच्या तपासणीची वेळ यायच्या आत कॅन्सर निघाला का? याला इंटरव्हल कॅन्सर म्हणतात. गंमत बघा, ज्यांना काहीतरी दिसलं त्यांच्या मागे लागणं त्यातल्या त्यात सोपं, त्यांचा नंबर तरी आपण वेगळा काढून ठेवतो. पण चुकलेल्या शोधायच्या तर ज्यांना आपण "जा घरी, काही नाही" म्हटलं त्या सगळ्यांच्या मागे लागायला लागतं, त्या दुसऱ्याच हॉस्पिटलात जातात, दुसऱ्याच शहरात, आणि आपल्याला सांगायला कोण येणार? वरच्याच अमेरिकन हिशेबात मशीन आणि डॉक्टर मिळून १०० कॅन्सरपैकी ८७ च्या आसपास पकडत होते आणि बाकीचे वर्षभरात इतर मार्गाने निघाले. हे ८७ कळलं ते फक्त कॅन्सर रजिस्ट्रीशी, म्हणजे कॅन्सरच्या केसेसची नोंद ठेवणाऱ्या यादीशी, नावं जुळवून बघितली म्हणून. ती जुळवाजुळव केली नसती तर तुमचं मशीन कायम १०० टक्के बरोबर.

तिकडे हे लोकांच्या मर्जीवर ठेवलेलं नाही. १९९२ साली अमेरिकेत मॅमोग्राफीच्या दर्जाचा कायदाच झाला, त्याखाली प्रत्येक सेंटरला संशय निघालेल्या बायकांचा माग ठेवून बायोप्सीचा निकाल मिळवावा लागतो, आणि बाईलाही तिला कळेल अशा साध्या भाषेत ३० दिवसांच्या आत कळवावं लागतं. साध्या भाषेत! मावशीच्या रिपोर्टवर कोणी एक मराठी ओळ लिहिली असती, बाय, अजून एक तपासणी बाकी आहे, तर एवढं झालंच नसतं.

आता आपल्याकडे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या गाइडलाइन्सप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करायची, हेल्थ वर्कर किंवा नर्सने, मॅमोग्राम नव्हे. कागदावर ठीक आहे, पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं की कधीतरी अशी तपासणी झाली का, तर १०० मध्ये हो म्हणणारी एकसुद्धा भरली नाही. आणि २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला १ लाख ९२ हजार नवीन केसेस आणि ९८ हजारांवर मृत्यू. गोव्यात २०२१ मध्ये स्वस्थ महिला स्वस्थ गोवा मोहीम सुरू झाली, हातात धरायचं छोटं यंत्र, त्वचेखाली कुठे घट्टपणा लागतो का ते बघतं, आणि १ लाख बायकांचं उद्दिष्ट ठेवलेलं. कल्पना चांगली, यंत्र दुखवत नाही, हेल्थ सेंटरमध्ये होतं, बाईला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जायची गरज नाही. पण तेही पहिलं दार आहे. दाराशी किती आल्या यापेक्षा आत गेलेल्यांचं पुढे मॅमोग्राम, सोनोग्राफी, बायोप्सी, सगळं कधी आणि कसं झालं ते मला वाचायला आवडेल, आणि दर ऑक्टोबरला, स्तनांच्या कॅन्सरच्या जागृतीच्या महिन्यात, बातमीत मी तेवढंच शोधत असते.

हाताने तपासून उपयोग होतो का, तर याचं उत्तर आपल्या शेजारी मुंबईतच शोधलं गेलं आणि माझ्या मते बायकांच्या मागे लागून राहण्याची एवढी मोठी गोष्ट आपल्या देशात क्वचितच घडली असेल. टाटा मेमोरियलच्या लोकांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका घेतल्या, २० भागांत वाटल्या, १० भागांत ट्रेनिंग दिलेल्या महिला हेल्थ वर्कर दर दोन वर्षांनी तपासायच्या, अशा चार फेऱ्या, बाकी १० भागांत एकदा कॅन्सरची माहिती दिली आणि मग दोन्हीकडे घरोघरी जाऊन विचारत राहिले. दोन वर्षांनी परत, चार वर्षांनी परत, बाई आहे का, बरी आहे का, कुठे गेली. वीस वर्षं! मुंबईतली झोपडपट्टी, बिल्डिंग झाली, माणसं विरारला गेली, गावी गेली, आणि हे दार वाजवतायत.

२०२१ च्या फेब्रुवारीत निकाल छापून आला. तपासणीच्या भागांत कॅन्सर लवकर सापडत होता, तिसऱ्या चौथ्या स्टेजला सापडणाऱ्या ३७ टक्के, दुसरीकडे ४७. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी, पण हा फरक नशिबानेही पडू शकेल इतकाच, म्हणजे छातीठोक सांगता येत नाही. ५० आणि त्याच्या वरच्या बायकांत मात्र जवळजवळ ३० टक्के कमी आणि तो पक्का. ५० च्या खाली खास फरक नाही. हे लक्षात घ्या की निकाल पहिल्या पाच वर्षांत छापला असता तर नुसतं "लवकर सापडतात" एवढंच लिहिता आलं असतं आणि ५० च्या वर आणि खाली असा फरक आहे हे कळलंच नसतं. म्हणजे दार वाजवणारीने फुकट नाही वाजवलं.

इथे कुणी म्हणेल, लवकर सापडला म्हणजे बाई जास्त जगणार, एवढं सोपं आहे की. नाही हो. समजा कोकण रेल्वेने दोघी मडगावला चालल्यात, एक थिवीला चढली, दुसरी करमळीला. थिवीवाली गाडीत जास्त वेळ बसली, पण उतरल्या दोघी एकाच वेळी. कॅन्सर लवकर सापडला की निदानानंतरची वर्षं आपोआप जास्त भरतात, मरण्याची तारीख एक दिवसही पुढे गेली नसली तरी. म्हणून "आमच्या कँपमधल्या ९० टक्के बायका पाच वर्षांनी जिवंत" असं कुणी सांगितलं तर मी मान डोलवत नाही, मी विचारते कुठल्या स्टेशनपासून मोजताय. म्हणून मुंबईवाल्यांनी दोन्हीकडच्या सगळ्या बायका धरल्या, कॅन्सर झालेल्या नि न झालेल्या, आणि थेट मृत्यू मोजले.

दुसरी भानगड म्हाप्शाच्या शुक्रवारच्या बाजारासारखी. तुम्ही फक्त शुक्रवारी बाजारात जाता, तर नारळ, भोपळा दर शुक्रवारी दिसणारच, पण पावसातली आळमी, म्हणजे रानातली अळंबी, मंगळवारी आली आणि बुधवारी संपली तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही. दर दोन वर्षांनी तपासणी म्हणजे दर शुक्रवारचा बाजार, हळू वाढणारे कॅन्सर त्यात हमखास सापडतात आणि भराभर वाढणारे मधल्या दिवसांत येतात. मग कँपमध्ये सापडलेले कॅन्सर स्वभावानेच जरा सौम्य असतात आणि श्रेय कँपला जातं.

आणि काही तर इतके हळू की ते कधीच त्रास देणार नव्हते, बाई दुसऱ्याच कशाने म्हातारी होऊन गेली असती, पण सापडला म्हणून ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं. इंग्लंडमध्ये २०१२ साली तज्ज्ञांच्या समितीने हिशेब मांडला, ५० वर्षांच्या १०,००० बायकांना २० वर्षं स्क्रीनिंगला बोलावलं तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना अशा कॅन्सरचा उपचार होतो जो नसता कळला तरी चाललं असतं. कुठली बाई ४३ मधली आणि कुठली १२९ मधली हे तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं, डॉक्टरलाही नाही कळत. मला विचाराल तर तरीही ५० च्या वर मी तपासणी करून घेईन, पण हे माहीत असून करून घेईन.

अजून एक घोळ जो आपल्याकडे फार होतो. स्क्रीनिंग म्हणजे काहीही त्रास नसलेल्या बाईची तपासणी. आपल्याकडे बाईला गाठ लागते आणि ती कँपची वाट बघत बसते, फुकट होईल, सोबत होईल, नवऱ्याला कारण सांगायला नको. मग कँपमध्ये शंभरात तीन कॅन्सर सापडले अशी बातमी, केवढा यशस्वी कँप. अहो त्या तिघींना आधीपासून गाठ हाताला लागत होती, त्यांना कँपची नाही तर दोन महिन्यांपूर्वी ओपीडीत जायची गरज होती. म्हणून नोंदीत पहिलाच प्रश्न पाहिजे, तुम्हाला काही जाणवतंय का, आणि हो म्हणणारीचा हिशेब वेगळा.

आता बायकांना शोधायचं म्हटलं तर गोव्यात काय होतं, ऐका. आधी नाव. शिरोडकर आता इंग्रजीत एस एच ने लिहितात, आजोबांच्या काळच्या पोर्तुगीज पद्धतीच्या कागदावर एक्स ने. नाईक कुठे के वर संपतो कुठे क्यू यू ई वर. वर लग्नात बाईचं नावच बदलतं, माहेरची सुलोचना सासरी सुनीता, आधारवर एक आणि जुन्या केसपेपरवर दुसरी. कॉम्प्युटरला या दोन वेगळ्या बायका. मग मोबाइल नंबर, मावशीने भावाचा दिलेला आणि भावाने मध्ये सिम बदललं, बहुतेक कँपवाल्यांनी फोन केलाही असेल, कोणास ठाऊक. मग उपचाराला कोण बांबोळीला, कोण बेळगावला, कोण मुंबईला टाटामध्ये, आणि कोणाचा मुलगा लंडनला तर बाई तिकडेच. उलट सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या बायका इकडे गोमेकॉत येतात, म्हणजे इथल्या हॉस्पिटलातल्या केसेस मोजून गोव्याचा आकडा काढला तर तोही चुकला.

स्वीडनमध्ये १९४७ पासून प्रत्येक माणसाला एक नंबर आणि १९५८ पासून देशभराची कॅन्सर रजिस्ट्री, त्यामुळे १९७७ ला सुरू झालेल्या तिथल्या स्क्रीनिंगच्या प्रयोगातल्या बायकांचं काय झालं ते २९ वर्षांनी पण सांगता आलं. आपल्याकडे आता १४ आकडी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख नंबर, आलाय, तो सगळीकडे खरंच लिहिला गेला तर सुलोचना आणि सुनीता एक होतील. पण नंबर नसतानाही माणसांनी केलंय, बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली, तिथली माणसं गावोगाव फिरून केसेस शोधायची. आणि गोव्याकडे एक हुकमाचा पत्ता आहे जो बहुतेक राज्यांकडे नाही. इथे नोंद झालेल्या जवळपास सगळ्याच मृत्यूंना डॉक्टरने लिहिलेलं कारण असतं, देशात २०२० ला हे प्रमाण साधारण २२ टक्केच होतं. शिवाय २०११ च्या जनगणनेत सगळा गोवा मिळून साडेचौदा लाख माणसं, आणि तालुके आता बारा. इथे जमणार नाही तर कुठे जमणार? फक्त एक अडचण आहे, गाव लहान म्हणून नर्स घरी चौकशीला आली की शेजारीण लगेच कुंपणावर, त्यामुळे फोन कर, घरी येऊ नको असं सांगणाऱ्या बायकाही असणारच, आणि ते बरोबरच आहे.

सगळी सिस्टीम असून पण चुकतं हं. २०१८ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की २००९ पासून साडेचार लाखांच्या आसपास बायकांना शेवटच्या स्क्रीनिंगचं बोलावणं गेलंच नाही, कॉम्प्युटरची चूक. मग चौकशी झाली तर आकडा बराच खाली आला, आणि मूळ घोळ कॉम्प्युटरचा कमी आणि नियमाचा जास्त निघाला, बोलावणं ७० पर्यंत की ७१ वा वाढदिवस होईपर्यंत हे वेगवेगळ्या कागदांत वेगळं. पण मला त्यातलं आवडलं ते हे की किती राहिल्या हे मोजायला त्यांच्याकडे यादी तरी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तीन आकडे दिलेत, ते मी डायरीत लिहून ठेवलेत. १०० मधल्या ६० पेक्षा जास्त बायकांचं निदान पहिल्या दुसऱ्या स्टेजला, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण, आणि किमान ८० टक्के बायकांचे उपचार मध्येच न सुटता पूर्ण. त्यात किती तपासल्या हा आकडा कुठेच नाही, बघा. मावशीचे शून्य ते सोनोग्राफी दिवस मी मोजले, अडीचशेच्या जवळ गेले.

पाण्याची गाठ कळल्यावर मी त्या कँपवाल्यांचा नंबर शोधून काढला आणि फोन केला. म्हटलं त्यांच्या वहीत ती बाई अर्धवट लटकलेली असणार, आपण निकाल तरी कळवूया, कारण न आलेली बाई म्हणजे कॅन्सर नसलेली बाई असं धरता येत नाही, आणि आहे असंही धरता येत नाही, ती फक्त माहीत नाही. फोनवरची मुलगी चांगली होती. तिने नाव विचारलं, दोन स्पेलिंगं करून बघितली, तिसऱ्याने मिळालं. मग जरा वेळ शांत. म्हणाली, मॅडम, या शीटमध्ये नाव आहे, वय आहे, फोन आहे, तपासणीची तारीख आहे, पुढचं काही लिहायला कॉलमच नाहीये. मी म्हटलं मग आता? तर म्हणाली, थांबा, रिमार्कमध्ये टाकते.